रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने



दयाळू शोमरोनी माणसाचा दाखला आपल्यापैकी कोणाला ठाऊक नाही? धर्मशिक्षणाच्या वर्गात तो आपण प्रथम ऐकला. शाळेच्या स्नेहसंमेलनात त्यावर नाटुकले बसवले. (त्या नाटुकल्यात दरोडेखोर व्हायला सगळी मुले एका पायावर तयार असतात, गाढव व्हायला मात्र कोणी तयार नसते!) 'क' वर्षाच्या सामान्य काळातील पंधराव्या रविवारी हे शुभवर्तमान आपल्या देवळांत वाचले जाते. २०२५ साली तो रविवार १३ जुलै रोजी आला होता. रविवारच्या मिस्साबलिदानात ते आता पुन्हा ऐकायला मिळेल २०२८ साली. परंतु ज्या गोष्टीविषयी हा दाखला आहे ती गोष्ट तीन वर्षांनी एकदा घडत नाही. ती रोज घडते, आणि वसईकरांच्या बाबतीत तर घरापासून काही किलोमीटरवर, मुंबई-अहमदाबाद महामार्गावर घडते. म्हणून आज या दाखल्याकडे पुन्हा एकदा वळू या.

संत लूकच्या शुभवर्तमानातील दहाव्या अध्यायात एक शास्त्री उभा राहतो आणि प्रभू येशूची परीक्षा पाहण्यासाठी विचारतो की, सार्वकालिक जीवन मिळवण्यासाठी मी काय करावे? प्रभू त्याच्याच तोंडून उत्तर काढून घेतो. देवावर संपूर्ण अंतःकरणाने प्रीती करावी आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करावी, हे शास्त्र्याला पाठ आहे. परीक्षा इथेच संपायला हवी होती. परंतु शास्त्र्याला स्वतःची बाजू योग्य ठरवायची आहे. तो पुढचा प्रश्न टाकतो : माझा शेजारी कोण? वरवर पाहता प्रश्न साधा आहे, पण त्यामागे एक हिशेब दडलेला आहे. शेजारी कोण हे एकदा ठरले की शेजारी कोण नाही हेही ठरते, आणि मग उरलेल्यांच्या बाबतीत आपण मोकळे!

प्रभू व्याख्या देत नाही. तो त्याला एका रस्त्यावर घेऊन जातो.

तो रस्ता खरोखरचा होता व आजही आहे. यरुशलेम शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर वसले आहे आणि यरीहो समुद्रसपाटीच्याही सुमारे २५० मीटर खाली आहे. साधारण २५ ते ३० किलोमीटरच्या अंतरात वाट हजारभर मीटर खाली उतरते. दोन्ही बाजूंना उघडेबोडके डोंगर, मध्ये घळी, वळणावळणाला आडोसा. दरोडेखोरांना याहून सोयीची जागा शोधून सापडली नसती. प्रभूच्या श्रोत्यांना हा रस्ता माहीत होता, जसा आपल्याला आपला महामार्ग माहीत आहे. तिथे एक माणूस लुटला गेला, असे म्हणताच ऐकणाऱ्यांनी मान डोलावली असेल.

त्या माणसाला दरोडेखोरांनी उघडे केले, मारले आणि अर्धमेला टाकून ते निघून गेले. एक बारीकशी गोष्ट इथे लक्षात घेण्यासारखी आहे. त्याच्या अंगावर कपडे नाहीत आणि तो बोलू शकत नाही. त्या काळी माणूस कोणत्या गावचा, कोणत्या जमातीचा हे त्याच्या पेहरावावरून आणि बोलण्यावरून ओळखता येत असे. प्रभूने दोन्ही खुणा काढून घेतल्या. आता तो यहुदी की परका, श्रीमंत की गरीब, सज्जन की गुन्हेगार हे कळण्याचा मार्गच उरला नाही. उरला तो केवळ माणूस.

मग याजक येतो, त्याला पाहतो व दुसऱ्या बाजूने निघून जातो. लेवी येतो, तोही पाहतो आणि दुसऱ्या बाजूनेच जातो. या दोघांना आपण शतकानुशतके दूषणे देत आलो आहोत. आम्हांला वाटते, त्यांच्याविषयी थोडा सबुरीने विचार करायला हवा, कारण ते दुष्ट होते असे प्रभू कुठेच म्हणत नाही. याजकापाशी कारण होते. जवळचे नातेवाईक वगळता इतर कोणाच्याही मृतदेहाला याजकाने शिवू नये, असा नियम लेवीय पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात आहे. समोरचा माणूस हालचाल करत नव्हता, तो मेलेला असला तर? शिवाय दरोडेखोर अजून जवळपास दबा धरून बसलेले असू शकत होते. त्या दोघांच्या घरीही बायकामुले असतीलच.

अशी कारणे खोटी नसतात, हीच तर खरी अडचण आहे. बहुतेक चांगली कामे राहून जातात ती दुष्टपणामुळे राहत नाहीत, पटण्यासारख्या कारणांमुळे राहतात. आणि इथे आणखी एक गोष्ट सांगायला हवी. शोमरोनी लोकही मोशेची पाच पुस्तके मानत असत, आजही मानतात. म्हणजे प्रेताला शिवल्याने विटाळ होतो हे शास्त्र त्या तिसऱ्या प्रवाशालाही लागू होते. दरोडेखोरांची भीती तर त्याला जास्तच असायला हवी होती, कारण तो परक्या मुलुखात होता आणि त्याच्याजवळ जनावर, तेल, द्राक्षारस व पैसे होते. जी कारणे पहिल्या दोघांजवळ होती ती सगळी त्याच्याजवळही होती. तरी त्याला कळवळा आला आणि तो जवळ गेला.

या दाखल्याविषयी अमेरिकेत झालेला एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. जॉन डार्ली व डॅनियल बॅटसन या दोन मानसशास्त्रज्ञांनी तो १९७३ साली प्रसिद्ध केला. प्रिन्स्टन येथील धर्मशिक्षण संस्थेतील चाळीस विद्यार्थी त्यात होते. पुढे धर्मसेवेत जाऊ पाहणारी ही मुले. त्यांतील काहींना नोकऱ्यांविषयी एक छोटे भाषण करायला सांगितले होते, तर काहींना याच दयाळू शोमरोनी माणसाच्या दाखल्यावर बोलायचे होते. भाषण शेजारच्या इमारतीत होते. काहींना सांगण्यात आले, "अजून वेळ आहे, पण निघालात तरी चालेल." काहींना सांगितले, "वेळ झाली आहे, निघा." आणि काहींना सांगितले, "तुम्हांला उशीर झाला आहे, लवकर जा!" वाटेतल्या बोळात एका दाराशी एक माणूस मान खाली टाकून बसवला होता. विद्यार्थी जवळून जाताना तो खोकत असे आणि कण्हत असे.

कोण थांबले? ज्यांना घाई नव्हती त्यांच्यापैकी ६३ टक्के थांबले. ज्यांना थोडी घाई होती त्यांच्यापैकी ४५ टक्के. आणि ज्यांना उशीर झाल्याचे सांगितले होते त्यांच्यापैकी केवळ १० टक्के! भाषणाचा विषय कोणता होता याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. दयाळू शोमरोनी माणसावर प्रवचन करायला निघालेल्यांपैकी काहीजण चक्क त्या कण्हणाऱ्या माणसाला ओलांडून पुढे गेले.

हे वाचून हसू येते आणि मग हसू थांबते. हा प्रयोग प्रवचनकारांसाठी तर डोळ्यांत अंजन घालणारा आहेच. दाखला माहीत असणे, तो सुंदर समजावून सांगता येणे आणि तो जगणे या गोष्टी किती वेगळ्या आहेत! पण तो आपणा सर्वांसाठीही आहे, कारण घाई ही आता आपली रोजची अवस्था झाली आहे. पहाटेची लोकल चुकली तर पुढचे सगळेच बिघडते. ऑफिसात हजेरी यंत्रावर बोट ठेवायचे असते, सायंकाळी मुलांचा क्लास, रात्री लग्नघर. घाईत असलेल्या माणसाचे मन वाईट झालेले नसते, त्याची नजर अरुंद झालेली असते. तो पाहतो, पण त्याने पाहिले हे त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

दर रविवारी मिस्साच्या आरंभी आपण पापांची कबुली देतो. त्यात विचाराने, शब्दाने व कृतीने केलेल्या पापांबरोबर, जे करायला हवे होते ते न केल्याचीही कबुली असते. हा शेवटचा भाग जुन्या लॅटिन मिस्सातील कबुलीत नव्हता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासनेची जी नवी मांडणी झाली, त्यात तो घालण्यात आला. खरे तर ही काही नवीन शिकवण नव्हती. संत मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात शेवटच्या न्यायाचे जे चित्र आहे ते पाहा. डावीकडच्या लोकांवर चोरीचा आरोप नाही, खुनाचा नाही, व्यभिचाराचाही नाही. भुकेल्याला खायला दिले नाही, परक्याला घरात घेतले नाही, आजाऱ्याला भेटले नाही, एवढेच त्यांच्याविरुद्ध आहे. पापांगीकाराला जाताना आपण केलेल्या गोष्टींची यादी मनात जुळवतो. न केलेल्या गोष्टींची यादी कितीजण जुळवत असतील?

आता त्या तिसऱ्या प्रवाशाकडे येऊ. यहुदी व शोमरोनी यांचे वैर जुने होते. गरिज्जीम डोंगरावरचे शोमरोन्यांचे मंदिर यहुदी राज्यकर्त्याने ख्रिस्तापूर्वीच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीस जमीनदोस्त केले होते. संत योहान सांगतो की, यहुदी शोमरोन्यांशी संबंध ठेवत नसत. आणि संत लूकच्याच शुभवर्तमानात, या दाखल्याच्या एकच अध्याय आधी, शोमरोन्यांच्या एका गावाने प्रभू येशूला उतरायला जागा नाकारली होती. याकोब आणि योहान इतके संतापले की त्या गावावर स्वर्गातून अग्नी पाडण्याची त्यांनी परवानगी मागितली! प्रभूने त्यांना दटावले. त्यानंतर थोड्याच काळात तो दाखला सांगतो आणि त्याचा नायक कोण, तर शोमरोनी. स्वतःला दार बंद करणाऱ्यांतलाच एक. प्रभूचे मन किती मोठे आहे हे समजण्यासाठी दुसरा पुरावा कशाला?

दाखल्याच्या शेवटी प्रभू प्रश्न उलटा करतो. शेजारी कोण, असे शास्त्र्याने विचारले होते. त्या माणसाला शेजारी कोण झाला, असे प्रभू विचारतो. शास्त्र्याच्या तोंडून 'शोमरोनी' हा शब्द निघत नाही. ज्याने दया केली तो, एवढेच तो म्हणतो.

आपल्या प्रवचनांत आपण नेहमी 'शोमरोनी माणसासारखे व्हा' असे ऐकतो आणि ते योग्यच आहे. परंतु दाखला ऐकणारे यहुदी होते. त्यांना आपला माणूस दिसला तो खड्ड्यात पडलेला. ज्याच्याकडून पाण्याचा पेलाही घेतला नसता, तो त्याच्या जखमांवर तेल ओततो आहे, हे ऐकायला त्यांना जड गेले असेल. आपल्यालाही ही बाजू पाहायला हवी. मदत घेताना आपले सगळे पूर्वग्रह गळून पडतात, मदत देताना मात्र ते पुन्हा कुठून येतात कोण जाणे.

११ जुलै २००६ ची संध्याकाळ वसई-विरारच्या माणसाला विसरता येणार नाही. पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांमध्ये काही मिनिटांच्या अंतराने सात स्फोट झाले. १८० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, शेकडो जखमी झाली. स्फोट पहिल्या वर्गाच्या डब्यांत झाले होते. रुग्णवाहिका पोहोचण्याआधी रुळांच्या कडेच्या झोपडपट्ट्यांतून माणसे धावत आली. त्यांनी घरातल्या चादरी आणल्या, त्या चादरींच्या झोळ्या करून जखमींना उचलले, रिक्षा-टॅक्सीत घातले आणि इस्पितळांत पोहोचवले. ज्या डब्यात त्यांतल्या बहुतेकांनी आयुष्यात कधी पाऊल ठेवले नव्हते, त्या डब्यात ते शिरले. एरवी त्याच रुळाकडेच्या वस्तीकडे पाहून गाडीतला प्रवासी नाकाला रुमाल लावतो. त्या संध्याकाळी जखमीचा धर्म कोणी विचारला नाही आणि चादर कोणाच्या घरातली आहे हेही कोणी विचारले नाही. पुष्कळ चादरी परत गेल्या नसतील. गरिबाच्या घरात चादरी किती असतात हे आपल्याला ठाऊक आहे.

त्या माणसांतले बहुतेकजण ख्रिस्ती नव्हते. मग परोपकार हे ख्रिस्ती श्रद्धेचे लक्षण कसे, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. चांगुलपणावर आपली मक्तेदारी नाही, हे तर प्रभूनेच शोमरोनी माणसाला नायक करून सांगून ठेवले आहे. आपल्यासाठी फरक इतकाच आहे की, आपल्याला पळवाट उरलेली नाही. जखमी माणसात आपण ख्रिस्ताला पाहावे असे त्याने स्वतः सांगितले आहे. चर्चच्या प्राचीन आचार्यांपैकी ओरिजेन व संत ऑगस्टीन यांनी या दाखल्याचा जो अर्थ लावला त्यात शोमरोनी म्हणजे प्रभू येशू, जखमी म्हणजे मानवजात व उतारशाळा म्हणजे ख्रिस्तसभा. म्हणजे आपण आधी उचलले गेलेले लोक आहोत. आपल्या जखमांवर कोणीतरी तेल ओतले आहे. सत्कृत्ये करून आपण स्वर्ग विकत घेत नाही, तो आपल्याला कृपेने मिळतो. पण ज्याला कृपा मिळाली त्याच्या हातून काहीच घडत नसेल, तर संत याकोबने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात विचारलेला प्रश्न त्याला उद्देशूनच आहे. उघड्या व उपाशी भावाला नुसत्या शुभेच्छा देऊन वाटेला लावणाऱ्या विश्वासाला तो निर्जीव म्हणतो. पोप फ्रान्सिस यांनी ३ ऑक्टोबर २०२० रोजी असिसी येथे संत फ्रान्सिसच्या कबरीपाशी सही केलेल्या 'फ्रातेल्ली तुत्ती' या विश्वपत्राचा संपूर्ण दुसरा अध्याय याच दाखल्याला दिला आहे. पुढे निघून गेलेले दोघे धार्मिक होते याकडे ते आवर्जून लक्ष वेधतात.

आता महामार्गाकडे वळू. हा रस्ता पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ८ म्हणून ओळखला जाई, आज तो क्रमांक ४८ आहे. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मरण पावली, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अहवाल सांगतो. जखमी झाल्यानंतरचा पहिला तास सर्वांत मोलाचा असतो. त्या तासात रक्त थांबले, श्वास चालू राहिला, इस्पितळ गाठले तर पुष्कळांचा जीव वाचू शकतो. त्या तासात जखमीच्या जवळ डॉक्टर नसतो. पोलीसही नसतात. असतो तो वाटसरू.

आणि वाटसरू थांबत नाही. का? घाई हे एक कारण झाले. दुसरे कारण आपण सगळे एकमेकांच्या कानांत सांगत आलो आहोत : "नसती भानगड गळ्यात पडेल." पोलीस तुम्हांलाच धरतील, इस्पितळवाले पैसे भरायला लावतील, कोर्टाच्या खेपा घालाव्या लागतील. ही भीती निराधार होती असे आम्ही म्हणणार नाही. एके काळी मदत करणाऱ्यांना असा त्रास झालेला आहे. इस्पितळे तर 'पोलीस केस आहे' म्हणून जखमीला दारातूनच परत पाठवत असत. एका जखमी स्कूटरस्वाराचा असाच मृत्यू झाल्याची बातमी वाचून परमानंद कटारा नावाच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १९८९ साली न्यायालयाने निकाल दिला की, जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे, मग तो सरकारी असो वा खाजगी, पहिले कर्तव्य आहे व कायद्याच्या सोपस्कारांसाठी उपचार थांबवता येणार नाहीत.

मदत करणाऱ्या वाटसरूला संरक्षण मिळायला मात्र आणखी बरीच वर्षे जावी लागली. केंद्र सरकारने २०१५ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कायद्याचे बळ दिले. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन '१३४ अ' हे कलम आले. या कलमात मदत करणाऱ्याला काय म्हटले आहे, ठाऊक आहे का? 'गुड समॅरिटन'! ज्या देशात २०११ च्या जनगणनेनुसार ख्रिस्ती लोक केवळ २.३ टक्के आहेत, त्या देशाच्या संसदेने कायद्यात प्रभू येशूच्या दाखल्यातील माणसाचे नाव घातले आहे. संत लूकच्या दहाव्या अध्यायातला प्रवासी आपल्या कायद्याच्या पुस्तकात येऊन उभा राहिला आहे आणि आपल्यापैकी पुष्कळांना त्याचा पत्ताच नाही!

म्हणून थोडे स्पष्ट सांगतो. सद्भावनेने, स्वेच्छेने व मोबदल्याची अपेक्षा न ठेवता अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यावर, मदत करताना काही चूक झाली तरी, दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही. इस्पितळात जखमीला पोहोचवून तुम्ही निघून जाऊ शकता. आपले नाव, पत्ता, फोन नंबर देण्याची सक्ती तुमच्यावर करता येत नाही. तुम्ही अपघात डोळ्यांनी पाहिला असेल आणि स्वखुशीने साक्षीदार झालात, तर तुमची चौकशी एकदाच व तुमच्या सोयीने व्हावी, असा नियम आहे. दाखल करण्याचे पैसे इस्पितळ तुमच्याकडे मागू शकत नाही. मदत करणाऱ्याशी धर्म, जात, राष्ट्रीयत्व किंवा लिंग यांवरून भेदभाव न करता आदराने वागावे, असेही नियमांत लिहिले आहे. मे २०२५ पासून अपघातग्रस्तासाठी ठरावीक इस्पितळांत सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतच्या विनारोकड उपचारांची योजनाही लागू झाली आहे. गंभीर जखमीला पहिल्या तासात इस्पितळात पोहोचवणाऱ्याला २५ हजार रुपयांचे बक्षीस देण्याची 'राहवीर' नावाची योजना त्याच वर्षी आली. (मोबदल्याची अपेक्षा नसावी असे कायदा म्हणतो आणि सरकार बक्षीस देते, ही गंमत आहे खरी. पण जीव वाचत असेल तर आमची तक्रार नाही.)

कायदा कागदावर आहे म्हणून प्रत्येक इस्पितळात आणि प्रत्येक चौकीत तो पाळला जाईलच, असे समजण्याइतके आपण भाबडे नाही. एखाद्या ठिकाणी हुज्जत होईल. परंतु 'नसती भानगड' हे कारण पूर्वीइतके भक्कम राहिलेले नाही, हे मान्य करावे लागेल. ते कारण काढून घेतल्यावर आपल्याजवळ काय उरते ते प्रत्येकाने स्वतःच्या मनात पाहावे.

थांबणे म्हणजे काय करणे, हेही नीट समजून घेतले पाहिजे. शोमरोनी माणसाने रडारड केली नाही. त्याने जवळ जे होते ते वापरले. जखमा धुवायला द्राक्षारस, त्या शमवायला तेल, बांधायला पट्ट्या. मग त्याने जखमीला जनावरावर बसवले, म्हणजे स्वतः तो पायी चालला असणार. आपल्यासाठी पहिले काम १०८ या क्रमांकावर फोन करणे. महाराष्ट्रात २०१४ पासून ही रुग्णवाहिका सेवा विनामूल्य चालू आहे. ११२ हाही क्रमांक आहे. गाडी सुरक्षित जागी उभी करावी आणि मागून येणाऱ्या वाहनांना इशारा करावा, नाहीतर एकाचे दोन अपघात होतात. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरावे. मान किंवा पाठ दुखावली असण्याची शंका असेल तर, आगीचा किंवा वाहनांचा धोका नसल्यास, त्याला ओढाताण करून उचलू नये. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. हे शेवटचे आपल्या लोकांना पटत नाही, कारण तहानलेल्याला पाणी पाजणे हे दयेचे कृत्य म्हणून आपण शिकलो आहोत. पण बेशुद्ध माणसाच्या श्वासनलिकेत पाणी गेले तर तेच त्याचा जीव घेऊ शकते. प्रेमालाही थोडे शिक्षण लागते. आपल्या धर्मग्रामातील युवक, महिला मंडळ आणि संडे स्कूलचे शिक्षक यांनी प्रथमोपचाराचे वर्ग अवश्य करावेत. परिचारिका असलेल्या आपल्या कितीतरी भगिनी ते शिकवू शकतील.

काही वडीलधारी मंडळी म्हणतील, आम्ही महामार्गावर कुठे जातो? आमचे गुडघे आम्हांला देवळापर्यंत आणतात तेच पुष्कळ. त्यांच्यासाठी दाखल्यात आणखी एक माणूस आहे, ज्याच्याकडे कोणी लक्ष देत नाही. तो म्हणजे उतारशाळेचा रखवालदार. शोमरोनी माणसाने एक रात्र जखमीची शुश्रूषा केली आणि दुसऱ्या दिवशी दोन दीनार काढून रखवालदाराच्या हातावर ठेवले. एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, हे द्राक्षमळ्यातील मजुरांच्या दाखल्यावरून आपल्याला माहीत आहे. जास्त खर्च झाला तर परत येताना देईन, असे सांगून तो आपल्या कामाला गेला. म्हणजे खरी सेवा, रोजची, कंटाळवाणी, पट्ट्या बदलण्याची आणि पेज भरवण्याची सेवा, पुढे रखवालदाराने केली. तीही एका अनोळखी शोमरोन्याच्या शब्दावर.

१८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम हा वीस वर्षांचा विद्यार्थी मित्रांबरोबर वादसभा चालवत असे. ख्रिस्तसभेने पूर्वी काय काय केले ते आम्हांला ऐकवू नका, आज गरिबांसाठी तुम्ही काय करता ते दाखवा, अशा अर्थाचा टोला विरोधकांनी त्याला लगावला. त्याने प्रतिवाद केला नाही. मित्रांना घेऊन तो गरिबांच्या घरी सरपण पोहोचवू लागला. त्यातून संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी उभी राहिली. आपल्या धर्मग्रामांतून तिचे सभासद आजही घरोघरी भेटी देतात, आणि त्यांच्या पेटीत काय पडते यापेक्षा त्यांच्याबरोबर जायला कोण तयार आहे हा प्रश्न त्यांना जास्त सतावतो.

महामार्गावरून आणलेला माणूस पुष्कळदा परप्रांतीय ट्रकचालक असतो, क्लीनर असतो, पालघरच्या पाड्यावरून मजुरीला निघालेला आदिवासी असतो. त्याचे कोणी जवळ नसते. त्याचा फोन फुटलेला असतो किंवा हरवलेला असतो. त्याच्या गावी निरोप पोहोचायला एक दिवस लागतो, नातेवाईक यायला दोन दिवस. तोवर औषधाची चिठ्ठी घेऊन दुकानात कोणीतरी जावे लागते, शुद्धीवर आल्यावर तो कुठे आहे हे त्याला कोणीतरी सांगावे लागते, शक्य असल्यास त्याच्या भाषेत. रात्री त्या खाटेशेजारचे स्टूल रिकामे असते. गुडघे दुखत असले तरी तिथे बसता येते.